वीतभर साल

घरात कुणी आजारी पडलं की आपल्यातला वैद्य जागा होतो, नाही का? आमच्या घड्याळजींचंही तेच झालं. दुकानात डोळ्याला भिंग लावून तासन् तास केसाएवढी स्प्रिंग बसवणारा हा माणूस, घरी मात्र भलता उतावळा! बायकोच्या पायाची जखम चिघळली, ती तापाच्या गुंगीत गेली आणि यांचा धीर सुटला.

गुंगीत तिला खिडकीबाहेरचं मोठं झाड घरात येताना दिसे. ते पलंगाशी बसे, पानांनी वारा घाली.

"आज ते आलं नाही हो," एका सकाळी ती पुटपुटली.

घड्याळजी स्वयंपाकघरात वळले. पहाटे त्यांनी पटाशीने त्याच झाडाची साल सोलली होती! सालीत जंतू मारणारे गुण असतात, असं कुठेसं वाचलं होतं. जखम धुवायला काढा उकळत होता.

तेवढ्यात त्यांची आत्या आली. औषधांच्या प्रयोगशाळेत जन्म काढलेली बाई, वासावरूनच तिने ओळखलं आणि गॅस बंद केला.

"सालीने जंतू मरतात, हे खोटं का, आत्या?"

"अगदी खरं. काचेच्या बशीत मी स्वतः पाहिलंय, सालीच्या अर्काभोवती जंतू वाढतच नाहीत. त्यातून औषधंही निघतात, पण पारखून, मोजूनमापून. तुझी बायको म्हणजे बशी आहे का रे? आधी तिला दवाखान्यात ने!"

मग तिने त्यांना खिडकीशी ओढलं. खोड सगळीकडून उघडं, जेमतेम वीतभर रुंद सालीची उभी पट्टी उरलेली.

"कीड, बुरशी आत शिरू नये म्हणून झाड ते औषध स्वतःसाठी करतं. साल म्हणजे त्याची कातडी, मुळांचं जेवणही तिच्यातूनच जातं. एकीची जखम भरायला दुसऱ्याची कातडी सोललीस!"

पट्टी बदलताना बायको कशी कळवळते, ते घड्याळजींना आठवलं. "अरे देवा! काय करून बसलो मी!" त्यांचे डोळे भरून आले.

बायकोला लगेच दवाखान्यात नेलं. योग्य औषधाने ताप उतरला. पुढे शेजारचे काका साल काढायला सुरी घेऊन झाडाशी आले, तेव्हा घड्याळजी आडवे आले. "छाटलेल्या फांदीची साल हवी तेवढी न्या, काका. उभ्या खोडाला हात लावायचा नाही!"

वाचकहो, सालीत औषध आहेच. ते पारखायचं काम जाणत्यांचं, पण झाड जिवंत ठेवायचं काम तुमचं-आमचं, सगळ्यांचं आहे.

काही महिन्यांनी बायको काठी टेकत झाडापाशी गेली. सालीच्या उरलेल्या पट्टीच्या कडेने नवी साल फुगून येत होती. तिने तिथे हळूच बोट ठेवलं.

"काल स्वप्नात आलं होतं हो," ती म्हणाली. "जरा लंगडत होतं."