झाकलेलं नाणं

"नाणं मलेबी दाखवायचं नाई, ताई," सर्वेक्षणाला आलेल्या छायाने पुन्हा एकदा समजावलं. "छापा पडला का डोळे मिटून 'हो' म्हणायचं. काटा पडला तर खरं असंल थे सांगायचं. म्हणजे तुमचं 'हो' नाण्याचं का तुमचं, थे मले कळतच नाई."

मेघाला युक्ती आवडली. बी.एस्सी. झालेल्या मुलीला, शंभर जणींमागे छाप्याचे पन्नास 'हो' वजा केले की उरलेलं खरं हाती लागतं, हे सांगावं लागत नाही. प्रश्न मात्र नको होता: रागाच्या भरात लहान लेकरावर कधी हात उचलला का?

शेजारीच सासू, कमलाबाई, मेघाच्या दहा महिन्यांच्या ऋतिकला मांडीवर घेऊन बसली होती. दात येत असल्यामुळे तो रात्रंदिवस रडत होता. चार दिवसांपूर्वी मेघाचा हात त्याच्या मांडीवर पडला आणि बोटं उमटली. "मुंग्या चावल्या," तिने सासूला सांगितलं. कमलाबाई खोबरेल तेल चोळत बसली. वळ कधीच गेला, तरी मेघा तासातासाला ती मांडी बघत होती.

तिने नाणं उडवलं, तळहाताआड पाहिलं. काटा.

"नाही" म्हटलं असतं तरी कोणाला कळणार होतं? पण चार दिवस दडवलेलं बाहेर आलं. "हो."

छायाने मान वर न करता खूण केली. आभाळ कोसळलं नाही. मेघाला त्या नाण्याला हात जोडावेसे वाटले.

"आता आजी, तुम्ही."

"मले काऊन? माह्या पोट्ट्याचे केस पिकून राह्यले."

"लेकरू सांभाळणाऱ्या साऱ्यायलेच विचारतो."

कमलाबाईने ऋतिकला मेघाकडे दिलं, नाणं उडवलं आणि सरळ तिच्यापुढे धरलं. "पाह्य वो काय हाय. चष्मा नाई."

"आजी, दाखवू नका कोणाले."

मेघाला दिसलं होतं. काटाच. "छापा," ती पटकन म्हणाली.

कमलाबाईने नाण्यावरून अंगठा फिरवला, दाराच्या उजेडात धरलं. "छापा नाई हाय. काटा हाय." तिने नाणं छायाच्या कागदावर ठेवलं. "लिही, हाव. माह्या प्रफुल्लले असेच दात येत होते. अशी चापट हाणली का बोटं उमटले. सासूले म्हटलं, ढेकूण चावले."

"आजी, माहा फारम खराब केला न तुम्ही."

"दुसरा घे." मग ती मेघाकडे वळली. "तुह्या नाण्याचं मी विचारत नाई. आण लेकराले इकडे. जा, घंटाभर पडून राह्य."

आतल्या खोलीत मेघा आडवी झाली. नाणं दाबून धरलेला तळहात अजून ओला होता. बाहेर तेलाच्या बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. हात ओढणीला पुसायच्या आधीच तिचा डोळा लागला.