उरलेला भिडू

शिंप्याला राग कशाचा येतो हे विचारण्यापेक्षा कशाचा येत नाही ते विचारावं, उत्तर लवकर मिळतं. पण कंपाउंडर गेल्यापासून त्याचं डोकं जे फिरलं होतं, ते निराळंच. बाह्या आखूड झाल्या म्हणून तक्रार घेऊन आलेल्या बाईला त्याने "तुमचेच हात लांब आहेत," असं तोंडावर सुनावलं.

त्यांचा चौघांचा पत्त्यांचा अड्डा होता. सुटीच्या दिवशी दुपारी, शिंप्याच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलावर. ड्रायव्हर, कंपाउंडर, शिंपी आणि गोदामातला कारकून. पहिल्या दिवशी चिठ्ठ्या टाकून भिडू ठरवले ते कायमचे, आणि शिंप्याच्या नशिबी कारकून आला. जिवाभावाचे दोघं समोरच्या पक्षात, आणि आपल्या गळ्यात हे लोढणं! कारकून एक पान टाकेपर्यंत शिंप्याची अख्ख्या शर्टाची काजं करून झाली असती. अर्धं आयुष्य त्याने या माणसाला शिव्या घालत काढलं.

आणि गेले कोण? गेल्या वर्षी ड्रायव्हर. छातीत दुखत असताना "गॅस झालाय" म्हणत गाडी हाकत राहिला. गेल्या महिन्यात कंपाउंडर. साऱ्या जगाला गोळ्या वेळेवर घ्या म्हणून दटावणारा हा शहाणा स्वतःच्या गोळ्या नुसत्या खिशात घेऊन फिरत होता. शिंप्याला दोघांच्याही कानाखाली जाळ काढायचा होता. भेटायला आलेला कुणी "सुटला बिचारा" म्हणाला, तेव्हा शिंपी ओरडला, "सुटायला तो काय तुरुंगात होता?"

आणि तरी सुटीच्या दुपारी, ठरल्या वेळी, कारकून दारात हजर. आतून बायको म्हणाली, "अहो, भिडू आलेत तुमचे. आज तरी नीट बोला."

कारकून आपल्या जागी बसला. खिशातून कॅट काढला, पिसला आणि चार जणांना वाटला.

"हे काय?" शिंपी म्हणाला.

"त्यांचे पत्ते त्यांच्या जागी उघडे मांडू. कंपाउंडरचे तू खेळ, ड्रायव्हरचे मी खेळतो."

शिंप्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दुपार तर काढायची होती. त्याने बदामाची राणी टाकली. कारकून ड्रायव्हरच्या पत्त्यांकडे बघत राहिला. टेबलाच्या त्या बाजूला राजा उघडा पडला होता, त्याच्या शेजारी दुर्री. बराच वेळ विचार करून कारकुनाने दुर्री सरकवली.

"दुर्री?" शिंपी उठूनच उभा राहिला. "ड्रायव्हर दुर्री टाकेल? अरे, त्याने राजा आपटला असता! चहा सांडला असता, माझं कापड खराब केलं असतं!"

"एक्का माझ्याच हातात आहे. राजा वाया गेला असता."

"जाऊ दे ना वाया! त्याचा कधी गेला नाही का? एवढी वर्षं शेजारी बसलास आणि माणूस कसा खेळायचा हेसुद्धा तुला माहीत नाही!"

"मला वाटलं, एकदा तरी त्याच्यासाठी नीट खेळावं."

"तू कोण नीट खेळणार?" शिंप्याचा आवाज चिरकला. "दोन सोन्यासारखी माणसं गेली आणि राहिलं कोण, तर तू! कुणी जायचंच होतं तर तू का नाही गेलास?"

आतलं शिलाई मशीन थांबलं.

कारकुनाने हातातले पत्ते एकसारखे केले. त्याचा चेहरा हलला नाही. "मीही तेच म्हणालो होतो," तो म्हणाला.

"काय?"

"गोदामात फोन आला. तुमच्या पत्त्यांतले एक गेले, एवढंच ऐकू आलं आणि लाइन तुटली. मी तिथंच उभ्या उभ्या हात जोडले. म्हटलं, देवा, शिंपी असू दे. ड्रायव्हरच्या वेळीही हेच म्हणालो होतो."

हे ऐकून ड्रायव्हर स्टुलावरून पडेपर्यंत हसला असता. कंपाउंडरने तर संध्याकाळपर्यंत दवाखान्यातल्या प्रत्येक पेशंटला तिखटमीठ लावून सांगितलं असतं. एवढा मोठा विनोद झाला होता आणि ज्यांनी हसायचं ते दोघं नव्हते. त्याचा शिंप्याला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, मग त्या पाण्याचाही संताप आला.

"खोटं नाही बोललो," कारकून म्हणाला. "तूही नाहीस. मग कशाला बसायचं?" त्याने ड्रायव्हरचे पत्ते गोळा केले, मग कंपाउंडरचे, आणि उठला. "येतो. आता पुन्हा नाही येणार."

शिंप्याने टेबलावरून झेप घेऊन त्याचं मनगट पकडलं. पत्ते कात्रीवर, खडूवर, चिंध्यांत विखुरले.

"ठेव ते! अर्ध्या डावातून न सांगता उठून गेले, ते दोघं पुरे झाले मला!" तो इतक्या जोरात ओरडला की बायको दारात आली. "मला तू आवडत नाहीस, मरेपर्यंत आवडणार नाहीस. बस खाली!"

कारकुनाने मनगट सोडवून घेतलं नाही. तसाच खाली बसला.