खोक्याला झालर, मला कपाट

मित्रांनो, तुमच्याशी बोलते आहे ती एक म्हातारी दुर्बीण. माझी भिंगं घासणारा कारागीर प्रत्येक भिंगातून समोरच्या भिंतीवरची मुंगी बघायचा. तिचे पाय मोजता आले, तरच भिंग पास.

मला विकत घेतलं शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी. सगळे त्यांना विमानमावशी म्हणत. लष्कराची टेहळणी विमानं पाहून त्यांचे नंबर टिपायचे, हा त्यांचा छंद. पाठीवर भलंमोठं ताट पालथं घातल्यासारखी तबकडी असलेली विमानं तर फक्त पाच होती. वर्षातून एखादंच आमच्या गच्चीवरून जाई. मावशींचा नियम कडक. शेपटीवरचा नंबर स्वतः वाचला, तरच तो वहीत लिहायचा. एकोणीस वर्षांत आम्ही दोघींनी चार वाचले. "डोळे माझे, पण नजर हिची," असं त्या शेजारणींना सांगत आणि मी फुगून जाई.

मग त्यांच्या धाकट्या भावाने एक खोका आणला. तो रेडिओ दुरुस्त करायचा. विमानं जे संदेश सोडतात ते हा खोका पकडे, विमान जवळ आलं की टुणटुण वाजे आणि नंबरही दाखवी.

"ताई, आता मान मोडून घेऊ नकोस. हा मारेल हाक," भाऊ म्हणाला.

"पाचवं आलं की काढू हिला बाहेर," असं म्हणत मावशींनी मला ओलसर कपाटात, चादरींखाली ठेवलं. खोक्याला मात्र झालरीचं कव्हर शिवलं. झालरीचं! माझा पट्टा उसवलेला होता, त्याला एक टाका घालायला सवड झाली नाही. बाहेर टुणटुण झालं की माझ्या अंगाचा तिळपापड होई. एकदा तरी याची बोबडी वळू दे, एवढंच मी मागत असे.

दोन वर्षांनी बातमी आली, की ती पाचही विमानं आठवडाभरात मोडीत निघणार. त्याच आठवड्यात एका दुपारी ओळखीची घरघर ऐकू आली. खोका मात्र गप्प! टेहळणीचं विमान कधीकधी आपले संदेश मुद्दाम बंद ठेवतं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मावशींनी मला चादरींसकट ओढलं आणि गच्ची गाठली. भाऊही मागोमाग धावत आला.

"दिसतंय का, ताई?"

"सगळं धुरकट. हिच्या भिंगांत बुरशी धरलीय रे! शेवटचा आकडा तीन आहे की आठ?"

"तीनच असणार! आठवालं तू पाहिलंयस, तीनवालंच उरलंय. लिहून टाक."

"पाहिलेलं परत येत नाही का? तू नाही येत रोज चहाला?"

"अगं, कोण तपासणार आहे तुझी वही?"

"मी."

विमान ढगात शिरलं. पाचवी ओळ कोरीच राहिली. खोका हरला, पण मी कुठे जिंकले? मला उगीच वाटत राहिलं, की मीच त्याचं वाईट मागितलं आणि ते माझ्याच पदरात पडलं.

पुढे मावशींनी माझी भिंगं साफ करून आणली, पट्टाही शिवला. आता मला मुंगीचे पाय पुन्हा मोजता येतात, पण ती विमानं उडत नाहीत.

मित्रांनो, वापरात नसलेल्या वस्तूलाही महिन्यातून एकदा ऊन दाखवा, फडकं फिरवा. तिची गरज कधी लागेल, ते ती वस्तू ठरवत नाही आणि तुम्हीही नाही. खोका अजून खिडकीत बसलेला असतो. मावशी रोज त्याची धूळ पुसतात. तो मला अजिबात आवडत नाही. पण धूळ पुसतात, ते बरं करतात.