दसऱ्याची बंदूक

आवाज नेहमीचा नव्हता, हे बंदुकीतलं ओ की ठो न कळणाऱ्या शोभनाकाकूंनाही कळलं. त्यांचे यजमान अवधूत बोकारे पांढऱ्या रेघेवर उभे होते आणि त्यांच्या हातातल्या बंदुकीच्या नळीचं तोंड सोललेल्या केळ्यासारखं उलगडलं होतं. बाकांवरची सत्तर-ऐंशी माणसं ताडकन उठली. माणूस धडधाकट आहे, दहाही बोटं जागेवर आहेत, हे काकूंनी दोनदा निरखून पाहिलं.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावाजवळच्या या क्लबात बोकारे म्हणजे बडं प्रस्थ. हवेत सुटणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायच्या, असा हा खेळ. दोनशेपैकी दोनशे त्यांनी तीनदा फोडल्या होत्या. आणि सुरुवात कशाने, तर बंद पडणाऱ्या एका हार्डवेअरच्या दुकानातून उचललेल्या, दस्त्याला चिकटपट्टी गुंडाळलेल्या एकनळी बंदुकीने. नागपूरचा हा किडकिडीत प्रोग्रामर ती घेऊन आला, तेव्हा लोक तोंड फिरवून हसले होते. वर्षभरात त्यांचीच बोलती बंद झाली. पुढे भारी बंदुका आल्या, पण आज क्लबच्या वार्षिक दिवशी सगळ्यांच्या आग्रहाखातर त्यांनी ती जुनीच काढली होती. उद्या राज्याची फायनल होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पुढच्या वर्षी तबकडी दिसेलच याचा भरवसा नाही. म्हणजे जे काय ते उद्याच.

काकूंनी अठ्ठावीस वर्षं बंदुकीचा रागराग केला. दसऱ्याला लॅपटॉप, विळी, गाडीची किल्ली यांची पूजा व्हायची. बंदूक आपली गराजमध्ये. यंदा मात्र शेवटचंच वर्ष म्हणून त्यांनी आपण होऊन ती जुनी एकनळी देवघरापाशी उभी केली, हळदकुंकू वाहिलं आणि नळीत झेंडूचं फूल खोचलं. फूल आत घसरू लागलं, म्हणून खाली चिंधीचा घट्ट बोळा कोंबला. आज सकाळी निघायच्या गडबडीत फूल काढलं आणि बोळा साफ विसरल्या.

ते आत्ता आठवलं.

अनिका धावत आली. ही इथेच जन्मलेली, बोकारेकाकांच्या हाताखाली शिकलेली पोरगी आता क्लबची सेफ्टी ऑफिसर होती. नळीच्या चिरेत अडकलेली एक जळकी धांदोटी तिने बाहेर ओढली आणि हे काय म्हणून काकांकडे पाहिलं. काकांनाही उमगेना. काकू कशाबशा पुढे झाल्या.

"ते मी घातलं होतं गं. पूजेसाठी. यांना ठाऊकच नव्हतं."

अनिकाचा जीव भांड्यात पडला. "मग हा अ‍ॅक्सिडेंट आहे, काका. तुमचा फॉल्टच नाहीये. मी तसं रिपोर्ट करते. उद्या तुम्ही शूट करताय."

बोकारे तिच्याकडे वळले. "काडतूस भरायच्या आधी नळीतून आरपार बघायचं, हे तुला कोणी शिकवलं?"

"तुम्ही."

"आणि न बघणाऱ्याने वर्षभर लाइनवर यायचं नाही, हा रूल कोणाचा?"

अनिकाचा चेहरा पडला. तोही त्यांचाच होता, आणि त्यापायी त्यांनी भल्याभल्यांना घरी बसवलं होतं. "काका, प्लीज. वर्षभर म्हणजे..."

"मला माहीत आहे वर्षभर म्हणजे काय ते. लिही."

काकूंना राहवेना. चूक माझी आहे, शिक्षा तुम्हाला कशाला, असं त्या काकुळतीने म्हणाल्या. एवढ्या लोकांत त्यांना रडू आवरेना, आणि आवरावंसंही वाटेना.

बोकारेंनी बंदूक खाली ठेवली. "तू पहिल्यांदाच हिला हळदकुंकू वाहिलंस, शोभना. मघाशी दस्त्यावर ते दिसलं. तेच बघत बसलो, आणि नळीत बघायचं राहिलं."

उरलेली काडतुसं त्यांनी अनिकाच्या ओंजळीत ठेवली आणि रेघेमागच्या बाकावर येऊन बसले. काकू शेजारी टेकल्या. थोड्या वेळाने खेळ पुन्हा सुरू झाला. कोणीतरी "पुल" म्हणून हाक द्यायचं आणि नारिंगी तबकडी आभाळात सुटायची. बोकारेंची मान तिच्यामागे वळायची, आणि मांडीवर ठेवलेल्या हाताचं एक बोट, दर हाकेला, अगदी वेळेवर दाबलं जायचं. काकू त्या बोटाकडे बघत राहिल्या.