गाणारीची खुर्ची

मी गाणारीची खुर्ची बोलतेय. घडीची, लोखंडी आणि बसायला टणक. ओहायोतल्या एका कारखान्यात माझ्यासारख्या चारशे जणी एकाच दिवशी तयार झाल्या. बाकीच्या शाळांत नि चर्चमध्ये गेल्या. माझ्या नशिबी लाइल हेंडरशॉटचा बँड आला.

सोळा वादकांच्या खुर्च्या रांगेत, मी टोकाला एकटी. माझ्यावर व्हर्ना प्रुइट बसायची. तीन मिनिटांच्या गाण्यात बँड आधी मनसोक्त वाजवून घेई, मग तिला मधलं एक कडवं मिळे, की पुन्हा खाली बस. उरलेला वेळ गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून हसत राहायचं, असा लाइलचा नियमच होता. वरून तोंडभर हसणारी ही बाई खालून टाचेनं माझा पाय ठोकत असे. पोचे आले मला! ती मला मुळीच आवडायची नाही. पण लाइल त्याहून नावडता.

एकदा तालमीत तिनं विचारलं, "मालक, मलाही युनियनचं कार्ड काढून द्या ना."

"कार्ड वादकांना असतं, पोरी. तू काय वाजवतेस?"

"पापण्या!" मागून ट्रोम्बोनवाला गस पाव्लिक ओरडला, अन् सगळे खिदळले. व्हर्नाही हसली, नियमाप्रमाणे. त्या दिवशी माझ्या पायाला नवे तीन पोचे आले.

पुढच्या उन्हाळ्यात वादकांच्या युनियननं संप पुकारला. नाचघरात खुशाल वाजवा, पण रेकॉर्डसाठी कुणी वाद्याला हात लावायचा नाही. कंपन्यांची पंचाईत झाली. मग त्यांनी वाद्यांऐवजी आठ-दहा माणसं मागे गुणगुणायला उभी केली आणि पुढे गाण्यासाठी व्हर्नाला बोलावलं. अख्खं गाणं तिचं, रेकॉर्डवर नावही तिचंच.

रविवारी दुपारच्या नाचाआधी तिनं हे सांगितलं, तसा गस अंगावर धावून आला. "आम्ही संपावर, आणि तू आमच्या पोटावर पाय देतेस? फितूर!"

"फितूर व्हायला आधी तुमच्यातली असावं लागतं. कार्ड कुठाय माझं?"

गस मागे सरला. लाइल मात्र लालबुंद झाला. "माझ्या बँडशिवाय तुला कुत्रं विचारणार नाही."

"मग एवढे घाबरलात कशाला?" तिनं माझी घडी केली आणि मला त्याच्या छातीवर ढकललं. "हिच्यावर आता तुम्ही बसा. आणि हसा."

हिवाळ्यात रेकॉर्ड आली. मधल्या सुटीत नाचघराच्या मालकानं ती लावली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकटी व्हर्ना. लोक नाचायचे थांबून नुसते ऐकत राहिले. बँड परतला तर एक बाई ओरडली, "तुम्ही थांबा हो, तीच पुन्हा लावू द्या!" लाइलचं तोंड बघून मला गार गार वाटलं. व्हर्नावरचा राग काही गेला नाही. जाताना बयेनं माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

आता माझा रंग उडालाय, बिजागरी गंजलीय. आज लाइलनं मला पुन्हा उघडून टोकाला मांडलं. एकोणीस वर्षांची नवी पोर आलीय, केंटकीची. आवाज खणखणीत आहे. लाइल तिला सांगतोय, "बस, पोरी. गुडघे जुळव. हसत राहा."

बसू दे तिला. माझी बिजागरी चिमटा काढते, आणि मी तो मुद्दाम काढणार आहे. असा, की पोरीनं ताडकन उभं राहावं.