मोरितासाठी जाहिरात

नवी मुंबईतल्या बोनकोडे गावचा नामा म्हणजे गावाला टोपी घालून वर टोपीचं भाडं मागणारा माणूस. पन्नाशी उलटली तरी लग्नात नवरदेवाच्या बुटात नांग्या उगारलेली जिवंत चिंबोरी सोडायची सवय काही गेली नव्हती. त्यामुळे "ह्या टायमाला सगलं सरल करनार" असं तो म्हणाला, तेव्हा बायकोनं, मालतीबाईनं, आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

भानगड मशीनची होती. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सरकारनं दिलेला साडेबारा टक्क्यांतला प्लॉट विकून नामानं पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला आणि मासेमारीची जाळी विणणारं सेकंडहँड जपानी मशीन आणलं. ते बसवायला मोरिता नावाचा जपानी आला, मशीन चालू केलं, मालतीबाईच्या हातचं सुकटीचं कालवण ओरपलं आणि गेला. तो गेला आणि मशीन रुसलं. सूत बदललं की गाठ सरकायची. जाळं दिसायला झकास, पण ओढलं की बोंबील काय, म्हैस निघून जाईल एवढं भोक. नारळी पुनवेला होड्या बाहेर पडणार. त्याआधी जाळी दिली नाहीत तर मशीन भंगारात, आणि प्लॉट तर गेलेलाच.

मोरिता परत यायला तयार होता, पण नोकरीवर. आणि परदेशी माणूस नोकरीला ठेवायचा तर सरकारची मंजुरी पाहिजे. सरकार विचारणार, हे काम करणारा आपल्या देशात कोणी मिळत नाही का? म्हणजे आधी जाहिरात द्या, येतील त्यांची परीक्षा घ्या, मग मुंबईतल्या साहेबाला पटवा, मग कागद दिल्लीला.

अशी कामं करून देणारा दिनानाथ एजंट गाळ्यात येऊन बसला.

"नामाशेठ, टेन्शन कायको? जाहिरात अशा पेपरात टाकतो, जो छापणारा पण वाचत नाय. वर अट टाकू, जपानी लिहिता-वाचता आलं पायजे. कुत्रं फिरकणार नाय. झाला रिपोर्ट तयार!"

एरवी नामानं अशा डोक्याला मिठीच मारली असती. पण त्याला एक जुनं गेट आठवलं. जमिनी गेल्या त्या साली खाडीकाठच्या एका केमिकल कंपनीनं गावातल्या पोरांना नोकऱ्या कबूल केल्या होत्या. जाहिरात आली हेल्परची, आणि अट काय, तर बॉयलरचा पाच वर्षांचा अनुभव. कालपर्यंत मिठागरात उभी राहिलेली पोरं बॉयलर कुठून आणणार? नामा त्या लायनीत होता. गेटवरचा माणूस हसून म्हणाला होता, "लायक कोणी आलाच नाही, आम्ही तरी काय करणार?" जगाची टर उडवणाऱ्या नामानं त्या दिवसावर कधी एक जोक केला नाही.

"नाय," तो म्हणाला. "जाहिरात मोठ्या पेपरात. आनी अट एकच, गाठ सरकली नाय पायजे."

"आणि कोणी लायक निघाला तर?"

"तर त्याला ठेवीन. मना जालं पायजे, जपानी नको."

नाक्यावर बोर्डही लावला. गावाला वाटलं नवीन मस्करी. "नाम्या, ह्या टायमाला चिंबोरी कुठं हाय?" असं विचारत निम्मं गाव नुसतं बघायला आलं. पण रबाळ्याचे फिटर आले, टर्नर आले, एक इंजिनीअरही आला. नामानं प्रत्येकाला मशीन लावू दिलं, चहा पाजला, विणलेला तुकडा कापून त्यावर नावाची चिठ्ठी बांधली आणि कांद्याच्या गोणीत टाकला.

शेवटी कोपरखैरण्याहून शालन आली. साताऱ्याकडची बाई, नवरा मार्केटात माथाडी. लग्नाआधी वडिलांबरोबर गुजरातेत होती, तिथं जाळ्याच्या कारखान्यात काम केलेलं. तिनं पदर खोचला, जाड सूत चढवलं आणि तुकडा काढला. नामानं ओढला. गाठ हलेना! पण बारीक सूत चढवलं आणि परत तेच, सगळं घसरलं. संध्याकाळपर्यंत ती मशीनशी भांडली.

"ह्ये मला न्हाई जमत," म्हणाली आणि ताडताड निघून गेली.

दिनानाथ कुजबुजला, "तिचा जाडवाला तुकडा फेका, शेठ. आपल्यालाच नडेल."

नामानं दोन्ही तुकडे गोणीत टाकले.

साहेबाच्या टेबलावर गोणी ओतली तेव्हा साहेब दचकला. "हे काय आणलंत?"

"उमेदवार, साहेब. ओढून बगा."

साहेबानं एक ओढला, सरकला. दुसरा, सरकला. मग त्याला गंमत वाटायला लागली आणि त्यानं शिपायाला दुसरं टोक धरायला लावलं. एक तुकडा मात्र दोघांनी जोर लावला तरी सरकेना. साहेबानं चिठ्ठी वाचली.

"शालन. म्हणजे येतंय की या बाईला!"

दिनानाथनं टेबलाखालून नामाच्या पायावर पाय दिला.

"येतं, साहेब. जाड सुतावर येतं. बारीक सुताला मशीन लावता येत नाय. हा तिचाच दुसरा तुकडा."

साहेबानं तो ओढला. सरकला. साहेब खुर्चीत मागं रेलला. "पहिला तुकडा आणलाच नसतात, तर सही आत्ताच झाली असती."

"म्हायत हाय."

"मग?"

"तिला येतं ते येतं, साहेब. लायक कोन आलाच नाय, असं मी लिवून देनार नाय. मंग तुमी नाय बोललात तरी चालंल. मी परत येन. परत नाय बोललात, तरी परत येन."

साहेबानं शालनचे दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवले. "दोन वर्षं मागितलीत. मी नऊ महिन्यांची शिफारस करतो. आणि त्या जपान्यानं या बाईंना सगळं शिकवायचं. बाई तयार आहेत ना? तसं त्यांच्या सहीनं आणा."

नामानं घाईघाईनं तुकडे गोणीत भरले. तिला विचारलं होतं कोणी!

तो मालतीबाईला घेऊन थेट शालनच्या दारात गेला. शालननं हात कमरेवर ठेवले. "मस्करी करताय व्हय? अख्खं कोपरखैरणं वळकतं तुमाला."

"शपत, बाय. तुझ्या सहीबिगर कागद दिल्लीला जात नाय."

"आनि त्यो जपानी गेल्यावर? माझ्या डोक्यावर दुसरा कुनी आनून बशिवनार?"

"नाय. मंग मशीन तूच लावनार."

"त्ये लिवून द्या. मग माझी सही."

मालतीबाई तोंडाला पदर लावून हसली. नामानं शालनच्याच दारातल्या पायरीवर बसून लिहून दिलं, एकही शब्द वाकडा न घालता. शालननं ते दोनदा वाचलं, मग सही केली.

"नव महिन्यात जमेल ना गं?" नामानं विचारलं.

उत्तर मालतीबाईनंच दिलं. "नव महिन्यात अख्खा मानूस तयार व्हतो. जाल्याची गाठ काय घेऊन बसलाव?"