कफनीत छेचाळीस अंश

टाळ्या, शिट्ट्या. एक बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून मोबाइल उंच धरते.

लाल बल्ब कुणीतरी काढून खिडकीत ठेवलाय.

म्हैस व्याली की चिकाचा खरवस गल्लीभर वाटतात.

फाउंड्रीत तापलेल्या साच्याला हात लावत नाहीत. पिस्तुलासारखं यंत्र लांबून रोखतात, आकडा येतो.

शिरोळ, जानेवारी, उसावर धुकं.

चोवीस

वर्षाराणीची डुकरीण पहाटे व्याली होती. मागच्या दोन वेतांतली बरीच पिल्लं दोन दिवसांत गेली होती. सासूबाई धोंडुबाईंनी बजावलं होतं, "ह्या खेपेला गेली तर शेड मोडायचं. लोकं तोंडावर हसत्यात." म्हणून मग मेलेली पिल्लं उठवणाऱ्या जागृतनाथ महाराजांना बोलावलं.

महाराजांचे हुकूम आदल्या दिवशीच आले होते. लाल दिवा बंद. पिल्लू पडलं की गार पाण्यानं आंघोळ. आणि पहिलं दूध देवाचं, ते पिल्लाला नाही. चीक काढून घ्यायची सवय असलेल्या गावाला यात काही वावगं वाटलं नाही.

न्हालेली नऊ पिल्लं पोत्यावर निपचित पडली होती.

"गेली की वो!" धोंडुबाई रडवेल्या झाल्या.

"न्हाईत गेली, आई. प्राण वाटंत अडकलाय." महाराजांनी एक पिल्लू कफनीत घातलं आणि आभाळाकडं बघून दरडावलं, "यमा, रेडा मागं घे! रिव्हर्स! आनखी मागं!"

वीस मिनिटांनी पिल्लू वळवळलं आणि किंचाळलं. शेड दणाणलं.

"बघितलंसा का, पावणं?" एका आजोबांनी मला कोपरानं ढोसलं.

बघितलं. पण रेड्याला मागं जायला वीस मिनिटं का लागावीत, ते कळेना.

छेचाळीस

वर्षाराणीची मैत्रीण संघप्रिया शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतली रात्रपाळी संपवून थेट आली होती. तिनं पिशवीतून तापमान मोजायचं ते पिस्तुलासारखं यंत्र काढलं. पोत्यावरचं पिल्लू: चोवीस. डुकरिणीची कास: अडतीस. महाराजांचं कपाळ: तेहतीस. महाराजांचं पोट...

"छेचाळीस! महाराज, तुमास्नी ताप चढलाय की!"

"तपाची ऊब हाय ती, पोरी."

"मग निस्ती पोटातच व्हय? दंड तर बत्तीसच दावतोय."

महाराज मागं सरकले. कफनीत डुबुक डुबुक वाजलं. धोंडुबाईंनी सरळ हात घातला आणि रबरी पिशवी ओढून काढली, कंबर शेकायची.

"आगं बया! ही तर माज्याकडं बी हाय!"

"मग तुमी बी महाराज की, काकू!" मागून कुणीतरी ओरडलं.

अडतीस

एवढंच होतं ते. नुकतं जन्मलेलं पिल्लू ओलं असतं आणि अंगावर चरबी जवळजवळ नसते. गारठलं की मेल्यासारखं पडतं. पडलं की दूध ओढत नाही, आणि पोटात दूध नसलं की आणखी गारठतं. महाराज गावोगाव आधी पिल्लं गारठवायला लावत आणि मग त्यातलं एखादं शेकून उठवत. ते संध्याकाळी मेलं, तर नवस चुकलेला असायचा.

वर्षाराणीनं उबेचा लाल बल्ब परत लावला. पिल्लं कोरडी पुसली. धोंडुबाई स्वतःची पिशवी टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या, आणि महाराजांचीही परत दिली नाही. अंगात ऊब आली तसं एकेक पिल्लू कासेला लावलं. पहिल्या दिवसाचा चीक हे पिल्लाचं जेवण, आणि रोगाशी लढायची ताकदही त्यातूनच मिळते. नऊपैकी आठ उठली. एक नाही उठलं.

"शेड ऱ्हाऊ दे," धोंडुबाई म्हणाल्या. "पर त्या बल्बाला कुनी हात लावला तर गाठ माज्याशी हाय."

मंडळी, जयजयकार जरूर करा. फक्त त्याआधी एकदा कफनीत हात घालून बघा.

पहाटे पाचला, पाण्याची बादली यायच्या आधी, एक दहावं पिल्लू जन्मलं होतं. खाली अंथरलेल्या उसाच्या पाचटात झाकलं गेल्यानं ते कुणाला दिसलं नाही, आणि सगळा वेळ ते आईला चिकटून दूध पीत होतं.